सराव पाठ जतपर्यंत पोहोचावेत

बी.एड. केलेल्या कोणत्याही मराठी शिक्षकाला पाठ टाचणाची वही आठवते. शिक्षक कृती, विद्यार्थी कृती, फलकलेखन असे रकाने. आधी प्रस्तावनेचे प्रश्न, मग हेतुकथन, विषय विवेचन, संकलन, उपयोजन आणि शेवटी गृहपाठ. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत शिक्षणतज्ज्ञ हर्बार्टच्या अनुयायांनी बसवलेली ही पंचपदी आपल्या अध्यापक महाविद्यालयांनी फार मनावर घेतली. तिने नवख्या माणसाला आधार दिला, हे मान्य केलेच पाहिजे. पण एखाद्या मुलाने टाचणात नसलेला प्रश्न विचारला की छात्राध्यापकाची नजर मागच्या बाकावर बसलेल्या निरीक्षकाकडे जाते. पाठ मुलांसाठी घ्यायचा की शेऱ्यासाठी, हा पेच तिथूनच सुरू होतो.

माध्यमिक शिक्षकांच्या प्रशिक्षणाची आपल्याकडची परंपरा जुनी आहे. मुंबईत 1906 साली सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज निघाले, पुण्यात 1941 साली टिळक शिक्षण महाविद्यालय. सातारा-सांगलीच्या बाजूने पाहायचे तर कर्मवीर भाऊराव पाटलांचे नाव आधी घ्यावे लागते. रयत शिक्षण संस्थेची स्थापना 1919 ची. खेड्यात शाळा काढायच्या तर खेड्यात टिकणारा शिक्षक लागतो, हे त्यांनी ओळखले आणि 1935 साली साताऱ्यात प्राथमिक शिक्षकांसाठी सिल्व्हर ज्युबिली रुरल ट्रेनिंग कॉलेज सुरू केले. माध्यमिक शिक्षकांसाठी आझाद शिक्षणशास्त्र महाविद्यालय तिथेच 1955 मध्ये आले. शिक्षक ज्या गावात शिकवणार त्या गावाची माती त्याच्या पायाला लागली पाहिजे, हा रयत संस्थेचा आग्रह होता. पुढे विद्यापीठीय बी.एड.च्या चौकटीत तो पातळ होत गेला, असे मला वाटते.

कारण चौकट पाठ मोजणारी होती. एक वर्षाचा अभ्यासक्रम, आधी सूक्ष्म अध्यापन, म्हणजे मोजक्या सहाध्यायांसमोर एकेका कौशल्याचा सराव, आणि मग दोन अध्यापन पद्धतींचे ठरावीक सराव पाठ. शाळेत जायचे, तासिका घ्यायची, शेरा घ्यायचा, निघायचे. कोठारी आयोगाने (1964–66) प्रशिक्षण महाविद्यालये शाळांपासून तुटलेली असल्याचे स्पष्ट म्हटले होते. तरी मोठा बदल व्हायला 2015 साल उजाडले. न्या. जे. एस. वर्मा आयोगाच्या 2012 च्या अहवालानंतर राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने 2014 मध्ये नवे नियम केले, बी.एड. दोन वर्षांचे झाले आणि शालेय आंतरवासितेला (इंटर्नशिपला) किमान 20 आठवडे मिळाले. त्यातले 16 आठवडे दुसऱ्या वर्षातले.

सोळा आठवड्यांत मुलांची नावे पाठ होतात, कोण का गैरहजर राहतो ते कळते, घटक चाचणीचे पेपर तपासता येतात. चार पाठांत हे होत नाही, म्हणून हा बदल मोलाचा आहे. पण तो अर्ध्यावर थांबला. शाळांना छात्राध्यापक म्हणजे बदली तासिकेला उपयोगी पडणारा माणूस वाटतो. दहावीचा वर्ग बोर्डाच्या भीतीने त्याच्या हाती सहसा देत नाहीत. आणि ज्या विषयशिक्षकाजवळ तो शिकणार, त्या शिक्षकाला या कामासाठी वेळापत्रकात वेळ नसतो, मानधन नसते, मार्गदर्शन कसे करावे याचे प्रशिक्षणही नसते. महाविद्यालयातले प्राध्यापक अधूनमधून येतात. रोजचा साक्षीदार शाळेतला शिक्षकच.

याची खरी कसोटी जतसारख्या ठिकाणी लागते. क्षेत्रफळाने सांगली जिल्ह्यातला हा सर्वांत मोठा तालुका, पाऊस बेताचा, पूर्वेला व दक्षिणेला कर्नाटक. डफळ्यांचे जत संस्थान एकेकाळी साताऱ्याच्या जहागिरींत मोडत असे. बापूजी साळुंखे यांनी 1954 मध्ये स्थापन केलेल्या स्वामी विवेकानंद शिक्षण संस्थेचे राजे रामराव महाविद्यालय इथे आहे. उमदी, संख भागातल्या कितीतरी घरांत कन्नड बोलली जाते. मराठी माध्यमाच्या वर्गात बसलेले मूल उत्तर आधी मनात कन्नडमध्ये जुळवते, मग मराठीत आणते. त्याला तो क्षण द्यायचा असतो. दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांबरोबर काही मुले निघून जातात. परतलेल्या मुलाला भूमितीच्या मधल्या प्रकरणावर आणून बसवायचे कसे, याचा रकाना टाचणात नसतो. हे कौशल्य जतचा अनुभवी शिक्षक जाणतो. ते त्याच्याकडून उचलायला छात्राध्यापकाने तिथे राहायला हवे. प्रत्यक्षात सरावासाठी महाविद्यालयाच्या आसपासच्या शहरी शाळाच सोयीच्या पडतात, आणि नोकरीची पहिली नेमणूक मात्र अशा गावात होऊ शकते.

इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाने 1987 मध्ये शाळांशी भागीदारी करून आंतरवासितेची योजना आखली. तिथे शाळेतला शिक्षक हा मान्यताप्राप्त मार्गदर्शक झाला, निरीक्षणापुरता पाहुणा राहिला नाही. 1992 नंतर सरकारनेही माध्यमिक शिक्षकांच्या 36 आठवड्यांच्या अभ्यासक्रमातले 24 आठवडे शाळेत घालवायला लावले. त्या पद्धतीतही उणिवा निघाल्या, कारण मार्गदर्शक शिक्षक कसा आहे यावर सारे अवलंबून राहते. तरी जबाबदारी कुणाची, हे तिथे लिहून ठेवलेले आहे. आपल्याकडे ते संबंधितांच्या सौजन्यावर सोडलेले आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम आहे आणि पदव्युत्तर किंवा चार वर्षांच्या पदवीधरांसाठी एक वर्षाचा बी.एड.ही आहे. वर्षे वाढली किंवा घटली तरी शाळेतल्या मार्गदर्शक शिक्षकाची जागा कोरी राहिली तर हाती पुन्हा टाचण वहीच उरेल. शिवाजी विद्यापीठाच्या कोल्हापूर, सांगली, सातारा या तिन्ही जिल्ह्यांतल्या अध्यापक महाविद्यालयांना आणि संस्थाचालकांना माझी विनंती आहे: आंतरवासितेचे काही आठवडे तरी जत, आटपाडी, माण, खटाव अशा तालुक्यांत ठेवा, छात्राध्यापकांच्या राहण्याची सोय करा आणि तिथल्या विषयशिक्षकाला आठवड्याच्या दोन तासिका मोकळ्या करून मार्गदर्शक म्हणून त्याचे नाव कागदावर लिहा.