एक 'लाईन', अर्थ किती!

आपल्या सीमाभागातील माणूस पोटापाण्यासाठी सुरतेला गेला की एक इंग्रजी शब्द त्याच्या कानावर वारंवार पडतो. तो शब्द म्हणजे 'लाईन'. हा शब्द वापरून वापरून इतका गुळगुळीत झाला आहे की तो परका आहे, हेही कुणाच्या ध्यानात येत नाही.

लिंबायत, उधना या भागांत खानदेशातली असंख्य कुटुंबे राहतात. तेथे दोन ओळखीचे भेटले की पहिला प्रश्न असतो, 'सध्या कोणत्या लाईनीत?' येथे लाईन म्हणजे धंदा. कुणी साडीच्या लाईनीत, कुणी हिऱ्याच्या, कुणी लूमच्या. मुलगा कामाला चिकटला की तो 'लाईनीला लागला'. रेशनची लाईन म्हणजे रांग, विजेची लाईन म्हणजे तार, पोलीस लाईन म्हणजे वस्ती. कॉलेजच्या फाटकापाशी जी 'लाईन' मारतात, तिचा अर्थ वाचकांना सांगायची गरज नाही!

या शब्दाने शेजारधर्मही पाळला आहे. मराठीत आपण 'लाईनीत' म्हणतो, गुजराती माणूस 'लाइनमां' म्हणतो आणि अहिराणी बोलणारा 'लाईनमा'. अहिराणीतला 'मा' आणि गुजरातीतला 'मां' इतके जवळचे की बोलणारा कुठला, हे चटकन ओळखू येत नाही.

आपल्या भागात मात्र 'लाईन' म्हटले की आधी रेल्वेच आठवते. उधन्याहून बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर करत जळगावला जाणारा हा मार्ग. त्याचा सुरतेकडचा भाग ताप्ती व्हॅली रेल्वेने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधायला घेतला. तेव्हा महाराष्ट्र आणि गुजरात ही राज्ये नव्हती. 1 मे 1960 रोजी मुंबई राज्याची दोन राज्ये झाली आणि दुसरी एक लाईन नवापूर स्टेशनाच्या मधून गेली. तेथे एका बाकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात, तर अर्धा गुजरातेत आहे. एक लाईन माणसे जोडणारी, दुसरी प्रांत वेगळे करणारी. शब्द मात्र एकच.

मूळ शोधत गेले तर गंमत वाटते. इंग्रजी 'लाईन'चा उगम लॅटिन भाषेतल्या जवसाच्या नावात आहे. जवसाच्या झाडाच्या वाखाचा दोरा ताणून सरळ रेघ आखत, त्यावरून हा शब्द आला. 'लिनन' कापडाचे नावही त्याच कुळातले. म्हणजे धाग्यातून जन्मलेला शब्द धाग्यावर जगणाऱ्या सुरतेत रुळला!

मग तक्रार कशाची? बोलताना अडत नाही; हातवारे आणि प्रसंग अर्थ सांगतात. अडते ते लिहिताना. 'आमच्या गल्लीतली पाण्याची लाईन तुटली' असा अर्ज कुणी दिला, तर वाचणाऱ्याने काय समजावे? नळ फुटला, की घागरी घेऊन उभ्या असलेल्या बायकांची रांग मोडली? ओळ, रांग, रेघ, पंगत, मार्ग, धंदा, शीव असे वेगवेगळे शब्द आपल्या पूर्वजांनी वेगवेगळ्या कामांसाठी घडवले. त्या सर्वांचे काम एकट्या 'लाईन'वर टाकले, तर ते शब्द घरी बसतील. आजी 'गावाची शीव' म्हणते; नातवाला तो शब्द परका वाटू लागला, तर दोष नातवाचा नाही. त्याच्या कानावर तो पडलाच नाही.

सुरत महानगरपालिका मराठी माध्यमाच्या शाळाही चालवते. त्या शाळांतल्या आणि आपल्या सीमेवरच्या गावांतल्या गुरुजींना व बाईंना आमची एक विनंती आहे. मुलांकडून फळ्यावर 'लाईन' असलेली दहा वाक्ये लिहून घ्यावीत आणि प्रत्येक ठिकाणी नेमका मराठी शब्द शोधायला लावावे. जेथे तो सापडणार नाही, तेथे 'लाईन' खुशाल राहू द्यावी. पाहुण्याला घरातून घालवू नये. पण त्याच्यासाठी घरच्यांनी ओसरीवर झोपावे, हेही बरे नव्हे.