दुखणे एकट्याचे, सोबत अनेकांची

आमच्या थोरल्या बंधूंचे हस्ताक्षर हा इंदूरच्या आमच्या आप्तेष्टांत कौतुकाचा विषय होता. कोणाच्या घरचे लग्न असो, पत्रिकांवरील पत्ते दादांच्याच हातचे असत. सहा वर्षांपूर्वी ते अक्षर बारीक होऊ लागले. ओळीच्या आरंभी टपोरे असलेले अक्षर शेवटाला मुंगीएवढे होई. चष्म्याचा नंबर वाढला असेल, असे आम्ही म्हणालो. मुलांच्या वह्या तपासण्यात माझे आयुष्य गेले. पण घरातल्या या अक्षराचा अर्थ मला लागला नाही. वर्षभराने उजवा हात कापू लागला, तेव्हा डॉक्टरांनी रोगाचे नाव सांगितले : पार्किन्सन.

लंडनचे वैद्य जेम्स पार्किन्सन यांनी 1817 साली या कंपवाताचे सविस्तर वर्णन केले. मेंदूतील डोपामिन निर्माण करणाऱ्या पेशी हळूहळू नष्ट होतात. हालचाल मंदावते, स्नायू ताठरतात, आवाज खोल जातो. औषधाने लक्षणे आटोक्यात राहतात, परंतु रोग मुळातून जात नाही.

रोगाहून अधिक जाचक ठरला तो संकोच. एका पंगतीत दादांच्या हातून आमटीची वाटी कलंडली. त्या दिवसापासून त्यांनी समारंभांस जाणे सोडले. गणेशोत्सवातही ते घराबाहेर पडले नाहीत.

पुण्यास असलेल्या माझ्या पुतणीने अखेर त्यांना व वहिनींना व्हॉट्सअ‍ॅपवरील मराठी भाषक रुग्णांच्या एका गटात सामील केले. "आपले दुखणे चव्हाट्यावर कशाला मांडायचे?" म्हणून दादा आधी रागावले. काही दिवस ते नुसते वाचीत राहिले. मग बेळगावच्या एका गृहस्थांनी लिहिले, की दाराच्या उंबऱ्याशी आले की आपले पाय जमिनीला खिळतात. दादांचेही नेमके हेच होत असे. त्यांनी ते कोणास सांगितले नव्हते. जमिनीवर आडव्या रंगीत पट्ट्या चिकटवून त्या ओलांडल्यागत पाऊल टाकावे, असे उत्तर आले. या युक्तीचा अनेकांना उपयोग होतो. दुसऱ्याच दिवशी आमच्या माजघरात पिवळ्या पट्ट्या लागल्या.

आम्हा परप्रांतवासीयांस या सोबतीत आणखी एक लाभ आहे. दादांचे हिंदी उत्तम. डॉक्टरांशी ते हिंदीतच बोलतात. पण पाय 'अवघडला', खांद्यात 'चमक भरली', अंग 'आंबून गेले' यांतील भेद सांगताना त्यांची हिंदी थिटी पडे आणि सगळ्याचे एक 'दर्द' होऊन जाई. गटात त्यांना आपल्या वेदनेची भाषा परत मिळाली. बोटे कापतात म्हणून ते ध्वनिसंदेश पाठवितात. ऐकू जावे म्हणून आवाज मुद्दाम उंचावतात.

मात्र याच साधनाने एकदा घातही केला. कोणा 'हितचिंतका'ने चूर्णाची जाहिरात पाठविली : तीन महिन्यांत कंप समूळ नाहीसा! दादांनी आम्हांस न सांगता गोळ्या निम्म्यावर आणल्या. चार दिवसांत त्यांना अंथरुणावरून उठवेना. वहिनींनी गटात लिहिताच दोघांचे फोन आले : "थांबू नका, आत्ताच डॉक्टरांना गाठा." त्यांच्यामुळेच वेळ निभावली. पार्किन्सनचे औषध एकाएकी कमी करणे वा सोडणे धोक्याचे असते. चमत्कारी उपायांच्या जाहिरातींना आळा घालणारा कायदा आपल्याकडे 1954 पासून आहे. पण घरोघरच्या फोनवर पहारा कोण ठेवणार?

रुग्ण सावधपणे एकत्र आले तर भ्रमनिरासही करू शकतात. एका भावाला स्नायू निकामी करणारा एएलएस हा रोग झाला, म्हणून अमेरिकेतील हेवूड बंधूंनी 2004 साली 'पेशंट्सलाइकमी' हे संकेतस्थळ एका मित्रासह स्थापिले. लिथियमने हा रोग मंदावतो, असा दावा 2008 मध्ये झाला. तेथील अनेक रुग्णांनी ते औषध घेऊन आपापल्या प्रकृतीची नोंद ठेवली. त्या नोंदींचा अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. लिथियमचा उपयोग होत नाही, असे त्यातून दिसले.

म्हणून वाचकहो, अशा गटात जाताना काही पथ्ये पाळावीत. गट कोण चालवितो, हे आधी पाहावे. औषधाची मात्रा डॉक्टरांवाचून बदलू नये. प्रथिनयुक्त जेवणाने गोळीचा परिणाम कमी होतो का, हा प्रश्न दादांना गटात सुचला. उत्तर त्यांनी डॉक्टरांकडून घेतले आणि गोळीची वेळ बदलून मिळाली. हीच योग्य रीत. नाव व फोन क्रमांक असलेले कागद तेथे टाकू नयेत. दुसऱ्याचा पुढे गेलेला आजार पाहून मन खचत असेल, तर काही दिवस दूर राहावे. प्रत्येकाच्या रोगाची चाल वेगळी असते. ज्यांस प्रत्यक्ष भेटीगाठी शक्य आहेत, त्यांनी त्याही सोडू नयेत. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ हे काम बरीच वर्षे करीत आहे.

शुश्रूषा करणाऱ्यांचाही येथे विचार होतो. परवा वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, गटातल्या एका बाईंनी विचारलं, तुम्हाला रात्री झोप मिळते का? इतक्या वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं." मी रोज त्या घरी जातो आणि दादांची प्रकृती विचारून परततो. मला उत्तर सुचले नाही. आता आठवड्यातून दोन रात्री मी दादांजवळ निजतो.

यंदा गणपतीच्या आरतीला दादा आले. आरतीचे तबक त्यांनी माझ्या हाताखाली हात घेऊन धरले. ते थरथरत होते. पण दादांनी ते सोडले नाही.