परदेशी नोकरी चालून आली, तर?



गेल्या महिन्यात एका बचत गटाच्या बैठकीला गेले होते. हिशेब वाचून झाला आणि कोपऱ्यात बसलेली एक ताई म्हणाली, "मला चाळीस हजार कर्ज पाहिजे." कशाला? तर मस्कतला घरकामाची नोकरी लागलीय. पगार महिना पस्तीस हजार. राहणं-खाणं मालकाचं, विमानाचं तिकीटही मालकाचंच. फक्त एजंटाची फी आपली. एजंट कोण? नणंदेच्या ओळखीचा. मालकाचं नाव? ते मुंबईला गेल्यावर सांगणार. व्हिसा? मोबाईलवर फोटो आलाय, पण तो इंग्रजीत.

बैठक गप्प झाली. नाही म्हणावं, तर ताईच्या घरची अडचण सगळ्यांना ठाऊक. हो म्हणावं, तर पोटात कालवतं. मैत्रिणींनो, ही वेळ तुमच्याही गटावर येऊ शकते. तेव्हा माणूस भला वाटतो की नाही यावर जाऊ नका. कागद बघा.

पहिला कागद म्हणजे एजंटाचा परवाना. परदेशी नोकरीला माणसं पाठवणाऱ्याला 1983 च्या उत्प्रवास कायद्याखाली केंद्र सरकारचा परवाना लागतो. त्याचा नंबर मागा. सरकारच्या 'ई-मायग्रेट' संकेतस्थळावर परवानाधारकांची यादी आहे. गावातल्या सेवा केंद्रातल्या मुलाकडून ती उघडून घ्या. नाव, पत्ता, मुदत, तिन्ही जुळलं पाहिजे. "मी त्या मोठ्या एजंटाचा माणूस आहे," असं कुणी म्हणेल. पण कायद्यात अशा मधल्या माणसाला जागाच नाही.

दुसरी गोष्ट फीची. परवानाधारक एजंटाला तीस हजार रुपये आणि वर जीएसटी, म्हणजे एकूण 35 हजार 400 रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही. तेही पावती देऊन. आपल्या ताईकडे चाळीस हजार मागितले होते, पावतीविना. माणूस खोटा आहे हे इथेच कळत होतं.

तिसरी गोष्ट आपल्या पासपोर्टची. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर साधारणपणे 'ईसीआर' असा शेरा असतो. अशांना ओमान, सौदी, कुवेत, कतार, यूएई (दुबई) अशा एकूण 18 देशांत कामाला जायचं, तर आधी सरकारची मंजुरी लागते. त्यातही बाईमाणसासाठी नियम कडक आहेत. वय तीसच्या आत असेल, तर घरकामाला जाताच येत नाही. आणि 2016 पासून अशा बायकांना कामावर पाठवायला खासगी एजंटाला परवानगी नाही. ते काम ठरावीक सरकारी संस्थांकडेच आहे. नियम जाचक वाटतात खरे. पण परक्या घरात बंद दाराआड राबणाऱ्या बाईची हाक बाहेर येत नाही, म्हणून ते केलेत.

मग एजंट काय करतो? तो टुरिस्ट व्हिसावर पाठवतो. "विमानतळावर विचारलं तर फिरायला चालले म्हणून सांग," असं पढवतो. हे वाक्य कानावर पडलं की तिथेच थांबा. फिरायच्या व्हिसावर काम करणं तिकडे गुन्हा आहे. मुदत संपली की दंड चढत जातो. रीतसर जाणाऱ्या कामगाराचा करार सरकारी नोंदीत असतो, दहा लाखांचा प्रवासी भारतीय विमा असतो. फिरायला म्हणून गेलेल्या बाईजवळ यातलं काहीच नसतं. मालकाने पासपोर्ट काढून घेतला, पगार बुडवला, तर दाद कशाच्या जोरावर मागणार?

बरं, फसवणूक घरकामाच्या नावाखालीच होते असं नाही. शिकलेल्या पोरांना थायलंडमध्ये कॉम्प्युटरचं काम आहे म्हणून नेलं आणि सीमेपलीकडे म्यानमारमध्ये कोंडून, फोनवरून लोकांना लुबाडायला लावलं. 2025 च्या मार्चमध्ये वायुदलाच्या विमानांनी अशा पाचशेहून जास्त भारतीयांना परत आणलं. तुमच्या घरातल्या बारावी-पदवी झालेल्या मुलामुलींनाही हे सांगा.

आणि एक गोष्ट फुकटच्या सहलीची. 2019 मध्ये मुंबईतलं एक तरुण जोडपं कतारला गेलं. सगळा खर्च नात्यातल्याच एका बाईने केला होता. सोबत एक पुडकं दिलं होतं. दोहा विमानतळावर त्यांच्या सामानात चार किलो चरस सापडला. दहा वर्षांची शिक्षा झाली. बाई गरोदर होती, तिचं बाळंतपण तुरुंगात झालं. आपल्या यंत्रणेने इकडे तपास करून त्यांना फसवलं गेल्याचं दाखवून दिलं, तेव्हा कुठे 2021 मध्ये ते निर्दोष सुटले. म्हणून आपली बॅग आपणच भरायची. दुसऱ्याचं काही न्यायचं नाही, मग ते लोणचं असो की औषध. आणि ध्यानात घ्या, इथे देणारा परका नव्हता. आमिष बहुतेक वेळा ओळखीच्याच हातून येतं. कधी कधी त्या ओळखीच्यालाही कुणीतरी फसवलेलं असतं.

एवढं सगळं तपासून कुणी रीतसर जात असेल, तर तिला अडवू नका. पासपोर्ट, व्हिसा, करार यांच्या प्रती घरी आणि गटाच्या दप्तरात ठेवा. तिथल्या भारतीय दूतावासाचा फोन नंबर तिच्याजवळ लिहून द्या. घरच्यांशी एक खुणेचा शब्द ठरवा. फोनवर मालक शेजारी उभा असला, तरी तो शब्द आला की अडचण आहे असं समजायचं. मदतीसाठी सरकारचा मोफत नंबर 1800 11 3090. इथे गावात कुणी धमकावत असेल तर 112, नाहीतर महिलांसाठी 181.

त्या ताईचं पुढे काय झालं? गटाच्या अध्यक्षांनी बैठकीतूनच एजंटाला फोन लावला आणि परवान्याचा नंबर विचारला. "विश्वास नसेल तर राहू द्या, जागा दुसरीला देतो," म्हणाला. मग त्याने फोन उचललाच नाही. चाळीस हजार वाचले. पण ताईची गरज तशीच होती, ती काही फोनबरोबर संपली नाही. बायकांनी विचारलं, "घाई कशाची होती गं?" तेव्हा सावकाराचं व्याज बाहेर आलं. गटाने त्याच बैठकीत ते फेडायला पंधरा हजार मंजूर केले.

मैत्रिणींनो, एजंट घाई करतो आणि "कुणाला सांगू नका" म्हणतो. आपण घाई करायची नाही आणि चार जणींना सांगायचं. येत्या बैठकीत हा विषय काढा. तुमच्या गावातून कोण कोण बाहेर गेलंय आणि कुणाचा फोन बरेच दिवस आला नाही, तेही एकमेकींना विचारा.