पाऊणपट

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. तृतीयेला सव्वादोन, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. मुंबईच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांचा हा पिढ्यान्‌पिढ्यांचा हिशेब. ठाण्याच्या खाडीत रोहित पक्षी दाखवायला निघणाऱ्या बोटीला भरतीचं छापील कोष्टक असतं. पण ज्यांच्या हाती सुकाणू होतं, ते तांडेल बोटांच्या पेरांवर तिथी मोजत होते. ‘‘आत खाडीत पानी चढायला अजून येळ लागतो, ताई. पाऊणपट काढायची नि वर थोडी वाट बघायची.’’

मी गेले ती या वेळापत्रकाच्या ओढीने. रोज पाऊण तास पुढे सरकणारी सहल मला दुसरीकडे कुठे ठाऊक नव्हती.

फेब्रुवारीतली तृतीया होती. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात तिकीट घेतलं, लाइफ जॅकेट चढवलं आणि पाणी उतरायला लागल्यावर बोट निघाली. पाण्यावर पहिल्यांदा जाणवतो तो वास. कांदळवनाची कुजलेली पानं, ऊन खाल्लेला चिखल आणि या सगळ्याच्या तळाशी शहराचं सांडपाणी. पुढच्या बाकावरच्या दोघींनी रुमाल नाकाला लावले. तांडेल म्हणाले, ‘‘ह्या वासावरच तर ते जगतात.’’

ते बरोबर सांगत होते. छोटा रोहित नील-हरित शैवाल खातो. मान खाली घालून, चोच उलटी धरून तो चिखलपाणी आत ओढतो, जिभेने बाहेर ढकलतो, आणि चोचीच्या कडेच्या बारीक दातऱ्यांत शैवाल अडकून राहतं. पिसांचा गुलाबी रंगही त्या खाण्यातूनच येतो. दोन्ही काठांवरची वस्ती आणि कारखाने वाढले, नाले खाडीत रिकामे होत गेले, त्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर शैवाल पोसलं. 1990च्या दशकापासून रोहित इथे मोठ्या संख्येने येऊ लागले. त्याच पाण्याने तांडेलांच्या घरची जाळी रिकामी केली. त्यांच्या वडिलांना इथे जिताडा मिळायचा, बोय, कोळंबी, चिंबोरी मिळायची. आता मिळालेल्या मासळीला रॉकेलचा वास येतो म्हणून गिऱ्हाईक ती परत करतं, हे सांगताना त्यांचा आवाज चढला नाही. मला मात्र तो वास त्यानंतर सोसवेना. पक्षी दिसेपर्यंत आणि दिसल्यावरही माझं मन पुन्हा पुन्हा तिकडेच जात राहिलं.

ऐरोलीच्या पुलापासून वाशीच्या पुलापर्यंतच्या खाडीला 2015 साली अभयारण्याचा दर्जा मिळाला. 1,690 हेक्टर, त्यातलं 896 हेक्टर कांदळवन. 2022 मध्ये ठाणे खाडी पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली. एका काठावर भांडुप-विक्रोळीचे मनोरे, दुसऱ्या काठावर नवी मुंबई, मधोमध पाण्यातच रोवलेले विजेचे टॉवर.

तांडेलांचं खरं काम इंजिन बंद केल्यावर सुरू झालं. थवा अजून बराच लांब होता. चिखलावर गुलाबी पट्टा तेवढा दिसत होता. पाणी कुठे दाट, कुठे पातळ, लाट कुठे मोडते, यावरून ते खालचा गाळ ओळखत होते. बोट उतरत्या पाण्यावर सोडून दिली होती आणि अधूनमधून बांबू टेकवून ते तिला आवरत होते. नजर पाण्यावर कमी, पक्ष्यांच्या मानांवर जास्त. माना खाली आहेत तोवर ठीक. दोन-चार माना वर झाल्या तेव्हा त्यांनी बांबू चिखलात रोवला. मग साऱ्या थव्याने एकाच दिशेला चालायला सुरुवात केली, तेव्हा त्यांनी बोट चक्क मागे रेटली.

बोटीत कुरबुर झाली. एवढे पैसे भरून लांबूनच बघायचं का? मोठा कॅमेरा घेतलेले एक गृहस्थ म्हणाले, ‘‘अहो, जरा पुढे घ्या. टाळी वाजवली तर उडतील. उडताना पंखांचा लाल रंग मिळतो.’’

‘‘उडवायला नाय आणलं तुमाला,’’ तांडेल म्हणाले. ‘‘तेंची खायाची येळ हाय.’’

याच्यापुढे बोलण्यासारखं काही उरत नाही. चिखल उघडा असतो तेवढे तासच त्यांचं खाणं. भरतीने तो बुडाला की त्यांना उठून नेरुळ-सीवूड्सच्या पाणथळांवर जावं लागतं, आणि तिथली विश्रांतीही खात्रीची राहिलेली नाही. 2024च्या उन्हाळ्यात तिथल्या डीपीएस तलावात भरतीचं पाणी शिरेनासं झालं आणि तलाव कोरडा पडला. म्हणजे पाऊणपटीचा हिशेब पक्ष्यांनाही चुकत नाही. एका फोटोसाठी हजारभर पक्षी उठवायचे, तर त्यांच्या मोजक्या तासांतला वेळ आपण खातो.

परतीच्या वाटेवर शेकाट्या, तुतवार दिसले, चिखलावर निवट्या उड्या मारत होत्या. बाकीच्यांनी मोबाइल पिशवीत टाकले होते. तांडेलांनी एकदाच इंजिनाचा जोर वाढवला, कारण पाणी झपाट्याने सुकत होतं आणि अजून थोडा वेळ गेला असता तर बोट गाळात बसली असती.

या सहली वाढाव्यात असं मला वाटतं. ज्यांच्या जाळ्यातली मासळी गेली त्यांच्या घरात याच खाडीतून चार पैसे येत असतील, तर ते यायलाच हवेत. पण बोटी वाढतील तशी जवळ नेण्याची चढाओढही लागेल, आणि लांब थांबणाऱ्या तांडेलाची बोट रिकामी राहील. म्हणून तिकिटावर भाड्याच्या रकमेखाली एक ओळ छापलेली असावी: थव्यापासूनचं अंतर तांडेल ठरवतील.