टेबलामागची नोंद आणि पायऱ्यांवरच्या गप्पा

बास्केटबॉलच्या कोर्टच्या लांब बाजूला, मध्यरेषेच्या समोर, एक टेबल मांडलेले असते आणि त्यामागे बसलेली चार माणसे खेळाडू नसतात, पंच नसतात, तरी त्यांच्यावाचून सामना सुरू होऊ शकत नाही. त्यांपैकी एक जण सामन्याचे घड्याळ चालवतो. दुसरा चोवीस सेकंदांचे वेगळे घड्याळ सांभाळतो, कारण चेंडू ताब्यात आल्यावर संघाने तेवढ्या अवधीत बास्केटकडे फेक केलीच पाहिजे असा नियम आहे. तिसरा साहाय्यक म्हणून गुणफलक बदलतो. आणि चौथी व्यक्ती, जिला सर्वत्र स्कोअरर म्हणतात, ती समोरच्या छापील तक्त्यावर, म्हणजे स्कोअरशीटवर, सामना लिहीत जाते. प्रेक्षकाची नजर या टेबलाकडे सहसा गुणफलकापुरतीच वळते, आणि फलकावरचा आकडा ज्या कागदावरून येतो त्याच्याकडे तर जवळजवळ कधीच वळत नाही.

पश्चिम नागपुरातील एका सिमेंटच्या कोर्टवर उन्हाळी स्पर्धेच्या काळात हे टेबल जवळून पाहण्यामागे निमित्त होते ते मात्र टेबलाचे नव्हे, तर समोरच्या पायऱ्यांवर रंगणाऱ्या गप्पांचे. या शहरात क्रिकेटचे वजन मोठे आहे. विदर्भाच्या संघाने रणजी करंडक 2017-18 आणि 2018-19 या लागोपाठच्या हंगामांत आणि पुन्हा 2024-25 मध्ये जिंकला आणि जामठ्याचे क्रिकेट मैदान देशाला ठाऊक आहे. तरीही शिवाजीनगर जिमखान्यासारख्या ठिकाणांमुळे बास्केटबॉल येथे अनेक पिढ्या टिकून आहे, आणि विदर्भातील शाळा-महाविद्यालयांत रुजलेल्या सॉफ्टबॉलमुळे त्याच्याच मोठ्या भावंडाची, म्हणजे बेसबॉलची, ओळखही अनेकांना असते. पायऱ्यांवर बसणारी मुले सकाळी तर्री-पोह्यांच्या गाडीजवळ अमेरिकेतील एनबीएचा सामना मोबाईलवर पाहून आलेली असतात, कारण तेथील रात्र ही येथील सकाळ असते; संध्याकाळी त्यांच्या बोलण्यात हा सामना येतो, मधेच एखाद्याला सॉफ्टबॉलच्या शिबिरातील प्रसंग आठवतो, आणि तासाभरात विषय थॉर, हल्क आणि कॅप्टन अमेरिका यांच्यावर जाऊन पोहोचतो. या गप्पांना बांध नाही असे प्रथम वाटते. परंतु वाद तापला की कोणीतरी पायऱ्या उतरून टेबलाजवळ येतो, कागद पाहतो आणि परत जातो, ही गोष्ट वारंवार घडताना दिसली, आणि लक्ष पायऱ्यांवरून टेबलाकडे वळले ते त्यामुळेच.

नागपूरच्या एप्रिल-मे महिन्यांत दुपारी कोर्टवर पाय ठेवणे शक्य नसते. सूर्य मावळताना पाइपने पाणी मारले जाते आणि दिवसभर तापलेल्या सिमेंटमधून एक उग्र, चुन्यासारखा वास वर येतो, जो दिवे लागल्यावरही बराच वेळ हवेत राहतो. कोर्ट वाळते, रेषा पुसून स्वच्छ होतात, संघ सराव करून घेतात. स्कोअररचे काम मात्र त्याआधीच सुरू झालेले असते. तिला सगळे खेळाडू ‘ताई’ म्हणतात; कोणे एके काळी ती स्वतः याच कोर्टवर खेळलेली आहे. दोन्ही संघांच्या खेळाडूंची नावे आणि क्रमांक ती लिहून घेते, प्रशिक्षक सुरुवातीच्या पाच खेळाडूंपुढे बारीक फुली मारून सही करतो, आणि ते पाचही जण प्रत्यक्ष कोर्टवर उतरल्याची खात्री झाली की ती त्या फुलीभोवती वर्तुळ काढते. तिच्याजवळ दोन पेने असतात: पहिल्या आणि तिसऱ्या क्वार्टरसाठी, म्हणजे दहा मिनिटांच्या डावासाठी, लाल, आणि दुसऱ्या व चौथ्यासाठी निळे किंवा काळे, जेणेकरून कोणताही गुण कोणत्या डावातला हे नंतर केवळ रंगावरून ओळखता यावे.

स्कोअरशीटचा मुख्य भाग म्हणजे धावता गुणलेख होय. त्यात दोन्ही संघांसाठी 1 पासून 160 पर्यंतचे आकडे चाळीस-चाळीसच्या चार स्तंभांत आधीच छापलेले असतात. बास्केट झाली की संघाच्या नव्या एकूण गुणसंख्येवर तिरपी रेघ मारायची आणि शेजारच्या रिकाम्या चौकोनात खेळाडूचा क्रमांक लिहायचा. फ्री थ्रो असेल तर रेघेऐवजी भरीव ठिपका द्यायचा. तीन गुणांची फेक असेल तर खेळाडूच्या क्रमांकाभोवती वर्तुळ काढायचे. डाव संपला की शेवटच्या आकड्याभोवती ठळक वर्तुळ आणि त्याखाली ठळक आडवी रेघ येते. फाउलसाठी स्वतंत्र चौकटी असतात आणि त्यांत साध्या वैयक्तिक फाउलसाठी ‘पी’, तांत्रिक फाउलसाठी ‘टी’ अशी अक्षरे भरली जातात. पाचवा फाउल झालेल्या खेळाडूला कोर्ट सोडावे लागते. वाचताना हे सोपे वाटते. प्रत्यक्षात एका बाजूची बास्केट लिहून होण्याच्या आत चेंडू दुसऱ्या टोकाला पोहोचलेला असतो, आणि ताईची मान खाली-वर, खाली-वर होत राहते. तिच्या ओठांवर सतत एखादा आकडा असतो, जो ती लिहिण्याआधी हळूच उच्चारते आणि साहाय्यक तोच पुन्हा मोठ्याने म्हणतो. चालू सामन्यात एखादा खेळाडू कोर्टबाहेर येता येता ‘ताई, माझे किती झाले?’ असे विचारतो, तेव्हा ती वर न पाहता ‘मॅच संपू दे, मग सांगते’ एवढेच म्हणते.

या कामातील सर्वांत महत्त्वाचा क्षण कोणता, हे एका वादग्रस्त फेकीच्या वेळी लक्षात येते. तीन गुणांची रेषा बास्केटपासून 6.75 मीटरवर असते. 2010 पर्यंत आंतरराष्ट्रीय नियमांत ती 6.25 मीटरवर होती. रेषेवर पाय असेल तर फेक दोन गुणांचीच धरली जाते. कोपऱ्यातून एका मुलाने चेंडू फेकला, तो रिंगला न लागता जाळीत गेला आणि पायऱ्यांवर एकच गलका झाला. ताईचे पेन कागदापासून बोटभर वर थांबले होते. ती चेंडूकडे पाहत नव्हती, मुलाच्या पायाकडेही पाहत नव्हती; ती पंचाच्या हाताकडे पाहत होती. तीन गुणांसाठी पंच दोन्ही हातांची तीन-तीन बोटे वर करतो. येथे त्याने दोनच बोटे खाली झटकली. रेघ पडली, क्रमांक लिहिला गेला, वर्तुळ आले नाही. पायऱ्यांवरून आवाज आला, ‘अबे, पाय मागेच होता बे, मी पाहून राहिलो होतो ना!’ दुसऱ्याने तितक्याच जोरात उलट सांगितले. ताईला विचारले तर तिने पेन पंचाच्या दिशेने वळवले आणि पुढची बास्केट लिहिली.

तो थांबलेला हात पुन्हा पुन्हा आठवावा असा आहे, कारण स्कोअरशीट म्हणजे काय हे त्यातून कळते. तिच्यावर घडलेली गोष्ट लिहिली जात नाही, तर अधिकाराने ठरलेली गोष्ट लिहिली जाते. ताईने तो पाय रेषेमागे पाहिला असता, तरी तिने दोनच लिहिले असते. आणि म्हणूनच पायऱ्यांवरच्या गप्पांना जागा उरते: ठरलेले कागदावर असते, पाहिलेले माणसांजवळ असते, आणि या दोहोंमधील अंतर भरून काढण्यासाठी मुले रात्री दहापर्यंत बसतात. अशा बोलण्याला रिकामटेकडेपणा म्हणणे अन्यायाचे आहे. प्रत्येक जण साक्ष देत असतो, आणि साक्ष देणाऱ्याला निदान काही क्षण तरी डोळे उघडे ठेवून खेळ पाहावाच लागतो.

छापलेल्या शेवटच्या आकड्याचा, एकशे साठचा, विषय असाच एका गप्पेत निघाला. स्थानिक सामने बहुधा साठ-सत्तरच्या घरात संपतात, त्यामुळे शेवटचे दोन स्तंभ कोरेच राहतात. एका मुलाने कागद पाहून ‘एकशे साठपर्यंत कोण जाते बे?’ असे विचारले आणि उत्तर म्हणून विल्ट चेंबरलेनचे नाव पुढे आले. 2 मार्च 1962 रोजी पेनसिल्व्हेनियातील हर्शी या गावी फिलाडेल्फिया वॉरियर्सकडून खेळताना चेंबरलेनने न्यूयॉर्क निक्सविरुद्ध एकट्याने 100 गुण केले: 36 बास्केट आणि 28 फ्री थ्रो. वॉरियर्सने तो सामना 169–147 असा जिंकला. म्हणजे ताईसमोरच्या कागदावर त्यांचे शेवटचे नऊ गुण मावलेच नसते. बास्केटबॉलमधील या सर्वांत प्रसिद्ध रात्रीचे चित्रीकरण उपलब्ध नाही. तिच्याविषयी जग जे बोलते ते आकड्यांच्या नोंदीवर, चौथ्या डावाच्या रेडिओ-ध्वनिमुद्रणावर आणि हजर असलेल्या चार हजारांच्या आसपास प्रेक्षकांच्या आठवणींवर आधारलेले आहे. चेंबरलेन ‘100’ लिहिलेला कागद हाती धरून बसला आहे असे जे छायाचित्र सर्वत्र दिसते, त्यातील कागदावरचा आकडा हार्वी पोलॅक यांनी लिहिला होता, आणि ते त्या रात्री संघाचे प्रसिद्धिकाम पाहतानाच सामन्याचे आकडेही टिपत होते. पायऱ्यांवरच्या मुलांना चेंबरलेन ठाऊक असतो, पोलॅक ठाऊक नसतो. एकशे साठ हा आकडा मात्र त्या दिवसापासून त्यांच्या बोलण्यात रुळला; कोणी फार बढाई मारली की ‘एकशे साठ झाले का?’ असे विचारले जाऊ लागले.

बेसबॉलमध्ये हा नोंदीचा संस्कार आणखी खोल गेलेला आहे, आणि त्याच्या मुळाशी क्रिकेट आहे. हेन्री चॅडविक हा इंग्लंडमध्ये जन्मलेला आणि अमेरिकेत वाढलेला पत्रकार. क्रिकेटचे वार्तांकन करता करता तो बेसबॉलकडे वळला आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर त्याने क्रिकेटच्या धावफलकाच्या धर्तीवर बेसबॉलचा संक्षिप्त तक्ता रूढ केला. फलंदाज तीन स्ट्राइकवर बाद झाला की त्यासाठी ‘के’ हे अक्षर लिहिण्याची पद्धतही त्याच्याकडेच जाते. पुढे क्षेत्ररक्षकांच्या नऊ जागांना क्रमांक मिळाले: चेंडू टाकणारा पिचर 1, त्याच्यासमोरचा कॅचर 2, आणि याप्रमाणे उजव्या बाहेरच्या क्षेत्ररक्षकापर्यंत 9. त्यामुळे ‘6-4-3’ एवढेच लिहिले तरी जाणकाराला कळते की चेंडू शॉर्टस्टॉपकडून दुसऱ्या बेसकडे आणि तेथून पहिल्या बेसकडे गेला आणि एकाच चेंडूवर दोघे बाद झाले. सॉफ्टबॉलचे मैदान लहान असते, तेथे दोन बेसमधील अंतर 60 फूट आणि बेसबॉलमध्ये 90 फूट. परंतु क्रमांक तेच. नागपूरच्या मैदानांवर सॉफ्टबॉल खेळलेली मुलगी पायऱ्यांवर बसून ‘सिक्स-फोर-थ्री’ म्हणते तेव्हा शेजारच्या बास्केटबॉलपटूंना ते समजत नाही, म्हणून ती तळहातावर बोटाने चौकोन काढून चेंडूचा प्रवास दाखवते. त्या संध्याकाळच्या संभाषणातील ही सर्वांत सुंदर गोष्ट होती, आणि तिच्याकडे लक्ष मोजक्याच जणांचे होते.

सुपरहिरोंच्या चित्रपटांकडे विषय वळला की कागदाचा आधार सुटतो. बास्केटबॉल आणि ही पात्रे यांचे नाते तसे जुने आहे: शकील ओ’नीलने 1997 मध्ये ‘स्टील’ या चित्रपटात अशाच नायकाची भूमिका केली, आणि 2008 च्या एनबीए डंक स्पर्धेत ड्वाइट हॉवर्ड सुपरमॅनचा लाल अंगरखा घालून उतरला. मुलांचा वाद मात्र थॉरच्या हातोड्याचा असतो. पात्र व्यक्तीलाच तो उचलता येतो. 2015 च्या चित्रपटात कॅप्टन अमेरिकाने उचलण्याचा प्रयत्न केल्यावर तो किंचित हलला, आणि 26 एप्रिल 2019 रोजी भारतात प्रदर्शित झालेल्या ‘अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम’मध्ये त्याने तो खरोखर उचलला. मग पहिल्या वेळी त्याला उचलता येत नव्हते, की थॉरचा मान राखण्यासाठी त्याने मुद्दाम उचलला नाही? पडद्यावर याचा निवाडा झालेला नाही, पंचाने बोटे दाखवलेली नाहीत, आणि पायऱ्या उतरून पाहावा असा कागदही कोठे नाही. यामुळे हा वाद अधिक लांबतो, आणि खरे सांगायचे तर अधिक विसविशीतही होतो. त्यात आवाज मोठा असणारा बहुधा जिंकतो.

याच कॅप्टन अमेरिकाच्या 2011 च्या पहिल्या चित्रपटात मात्र एक प्रसंग असा आहे की जो टेबलाच्या बाजूने साक्ष देतो. अनेक दशके गोठून राहिलेला नायक एका खोलीत जागा होतो, रेडिओवर बेसबॉलच्या सामन्याचे समालोचन चाललेले असते आणि काहीच बदललेले नाही असा आभास निर्माण केलेला असतो. परंतु तो सामना 1941 च्या मे महिन्यातला आहे हे तो ओळखतो, कारण त्या दिवशी तो स्वतः मैदानावर होता. अफाट बळ असलेल्या नायकाला फसवणूक कळते ती स्नायूंमुळे नव्हे, तर एका प्रेक्षकाच्या स्मरणामुळे. पायऱ्यांवरच्या मुलांना हा प्रसंग आठवत होता. त्यातील एकाने ‘मॅच पाहणारा माणूस कामी येते ना बे’ असे म्हटले आणि त्यावर वाद झाला नाही.

सामना संपल्यावर पायऱ्या लगेच रिकाम्या होत नाहीत आणि टेबलही नाही. ताई न वापरलेल्या चौकटी रेघा मारून बंद करते, प्रत्येकाचे गुण जुळवते, दोन्ही बेरजा धावत्या गुणलेखाशी ताडून पाहते, टेबलावरील सर्वांच्या सह्या घेते आणि अखेरीस मुख्य पंचापुढे कागद ठेवते. नियमाप्रमाणे मुख्य पंचाची सही शेवटची असते आणि तिच्याबरोबर पंचांचा त्या सामन्याशी असलेला संबंध संपतो. त्यानंतर तो पाय रेषेमागे होता की नव्हता याला कोर्टवर उत्तर मिळू शकत नाही. आंतरराष्ट्रीय पद्धतीच्या शीटमध्ये मूळ पांढऱ्या कागदाखाली तीन रंगीत प्रती असतात: निळी आयोजकांसाठी, गुलाबी विजेत्या संघासाठी, पिवळी पराभूत संघासाठी. मोठ्या स्पर्धांत हे काम आता संगणकावर होऊ लागले आहे, आणि चुका टाळण्यासाठी ते योग्यही आहे.

प्रश्न या रंगीत प्रतींचा आहे. गुलाबी आणि पिवळ्या प्रती खेळाडूंच्या पिशव्यांत जातात. दाबून उमटलेली त्यांवरची अक्षरे काही वर्षांत पुसट होतात. नागपूरच्या बास्केटबॉलचा इतिहास कोणाला लिहायचा झाला, तर कोणत्या मुलीने कोणत्या उन्हाळ्यात किती गुण केले हे याच कागदांवरून सांगता येईल, दुसरे साधन नाही. जिमखाने, मंडळे आणि महाविद्यालये यांनी निळ्या प्रती वर्षवार बांधून ठेवण्यास एखादे कपाट पुरेसे आहे. त्या संध्याकाळी गुलाबी प्रत विजेत्या संघाच्या कर्णधाराने घेतली, तीन-चार जणांनी तिची छायाचित्रे मोबाईलवर काढली, आणि कोपऱ्यातून फेक करणाऱ्या मुलाने आपल्या क्रमांकाभोवती वर्तुळ नाही हे बोट ठेवून सर्वांना दाखवले. वाद तेथून पुन्हा सुरू झाला आणि ताईने तोपर्यंत पुढच्या सामन्याच्या कोऱ्या शीटवर संघांची नावे लिहायला घेतली होती.