पेढीचें दुसरें दप्तर

लक्ष्मी चंचल, असें आपण म्हणत आलों. परंतु हल्लीं लक्ष्मीपेक्षां तिचा हिशेबच अधिक चंचल झाला आहे. पूर्वीं रोजकीर्द व खतावणी लाल कापडांत बांधून फडताळांत ठेवीत. आतां उधारी, मालाचा साठा, गिऱ्हाइकांचे पत्ते, कराचे भरणे, सर्व कांहीं संगणकाच्या पोटांत असतें. वहीला वाळवी लागली तर ती दिसे तरी. येथें सर्वस्व एका क्षणांत, आवाज न करतां नाहींसें होतें. म्हणून ज्या घरांत लहानमोठा व्यवसाय चालतो, तेथील मंडळींपुढें हा विषय मांडणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

डेन्मार्कमधील मर्स्क ही जहाज-कंपनी कंटेनर-वाहतुकींत जगांतील अग्रगण्य होय. २७ जून २०१७ रोजीं ‘नॉटपेट्या’ नांवाचा विघातक प्रोग्रॅम तिच्या यंत्रणेंत शिरला. युक्रेनमधील करहिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या वाटेनें तो आला, आणि पाहतां पाहतां देशोदेशींचे तिचे संगणक निकामी झाले. मुंबईजवळ न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरांत त्याच समूहाकडे असलेल्या धक्क्यावरचें कामही खोळंबलें.

कोणी विचारील, एवढ्या मोठ्या कंपनीनें प्रती ठेवल्या नव्हत्या काय? ठेवल्या होत्या. कोणास कोठें प्रवेश आहे याची नोंद सांभाळणारे सुमारें १५० सर्व्हर ठिकठिकाणीं होते, व एक बिघडला तर दुसऱ्यावरून तो उभा करतां यावा अशी योजना होती. परंतु ते परस्परांशीं अखंड जोडलेले असल्यामुळें रोगही सर्वांस एकदमच जडला. वांचला तो एकच, आफ्रिकेंतील घाना देशांतला. आणि तोही कशामुळें, तर त्या वेळीं तेथें वीज गेली होती म्हणून! त्याची डिस्क माणसाबरोबर विमानानें इंग्लंडला नेली, तेव्हां कोठें पुनर्बांधणीस पाया मिळाला. पुढें दहा दिवसांत ४,००० सर्व्हर व ४५,००० संगणक नव्यानें सिद्ध करावे लागले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरांचें झालें.

तात्पर्य, जोडलेली प्रत ही खरी दुसरी प्रत नव्हे. घराची दुसरी किल्ली त्याच घराच्या कपाटांत ठेवून बाहेरून कुलूप लावण्यासारखेंच तें आहे.

त्याच वर्षीं ३१ जानेवारीस ‘गिटलॅब’ या कंपनींत एका कर्मचाऱ्याच्या हातून मुख्य माहितीसाठाच पुसला गेला. प्रती घेण्याच्या पांच व्यवस्था होत्या. पण वेळेस त्यांतली एकही धड उपयोगीं पडली नाहीं. एका व्यवस्थेंत तर प्रत निघतच नव्हती, आणि तसें कळविणारे संदेश कोणास पोंचत नव्हते. योगायोगानें सहा तासांपूर्वीं घेतलेली एक प्रत हातीं होती, तीवर निभावलें. जी प्रत उघडून पाहिली नाहीं, ती असून नसल्यासारखीच.

या शास्त्रांतील सोपा नियम असा: माहितीच्या तीन प्रती असाव्या, त्या दोन भिन्न प्रकारच्या साधनांवर असाव्या, आणि एक तरी दुसऱ्या गांवीं असावी. त्यास आम्ही एवढेंच जोडूं कीं, एक प्रत तारेपासून अलग असावी. मग कर्त्या पुरुषानें व मुलासुनांनीं एकत्र बसून दोन प्रश्न ठरवावे. किती तासांचें काम बुडालें तर सोसवेल? आणि दुकान किती दिवस बंद राहिलें तर नोकरांचा पगार अडणार नाहीं? त्यांच्या उत्तरांवरून प्रत किती वेळां घ्यावयाची व खर्च किती करावयाचा, हें आपोआप ठरतें.

आणखी एक गोष्ट. पासवर्ड एकट्या पुतण्यास ठाऊक आणि पुतण्या परगांवीं, अशी स्थिति नसावी. संकटसमयीं कोणी काय करावयाचें, कोणास फोन करावयाचा, हें कागदावर लिहून ठेवावें. कारण संगणक बंद पडल्यावर त्यांतील सूचना वाचणार कोण?

तहान लागल्यावर विहीर खणूं नये, हें आपणांस शिकवावयास नको. परंतु खणलेल्या विहिरीस पाणी आहे कीं नाहीं, हेंही पाहावें लागतें. वहीपूजनाचा दिवस वर्षांतून एकदांच येतो. प्रत उघडून पाहण्याचा दिवस मात्र दर महिन्यास आला पाहिजे.