इटलीच्या टाचेवर सात दिवस

इटलीचा नकाशा पायातल्या बुटासारखा दिसतो. त्या बुटाची टाच म्हणजे पुल्या प्रांतातला सालेंतो भाग. त्याच्या एका बाजूला एड्रियाटिक समुद्र, दुसऱ्या बाजूला आयोनियन. मुलगी नोकरीनिमित्त युरोपात आहे. तिच्या आग्रहाने आम्ही दोघे गेलो आणि तिघांनी मिळून जूनअखेर हा किनारा भाड्याच्या मोटारीने पाहिला. दिवसाला चार शहरे पाहणारे पुष्कळ असतात. आम्ही मात्र ठरवले, घाई करायची नाही; जिथे बघण्यासारखे दिसेल तिथे उतरायचे.

आधी गाडीचे सांगतो, कारण आता आपलीही मुले परदेशी जाऊ लागली आहेत. गाडी ब्रिंदिसीच्या विमानतळावर घेतली. चालकाच्या स्वतःच्या नावाचे क्रेडिट कार्ड लागते, अनामत रक्कम त्यावर अडकवून ठेवतात. भारतातले लायसन्स असेल तर आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना आधीच काढावा. कारकुनी सवयीने आम्ही करारपत्र ओळ न ओळ वाचले, गाडीवरचे जुने ओरखडे त्यावर नोंदवून घेतले. तिकडे रस्त्याच्या उजव्या बाजूने जायचे. जुन्या गावांच्या तोंडाशी 'झेडटीएल' अशी पाटी असते. आत फक्त परवानगीच्या गाड्या! कॅमेरा नंबर टिपतो आणि दंडाची नोटीस काही महिन्यांनी घरी येते. गाडी बाहेर लावून पायी जावे, हे उत्तम.

ओत्रांतो ते लेऊका हा किनाऱ्याचा रस्ता सुमारे ५० किलोमीटरचा. आम्हाला दोन दिवस लागले. वाटेत पालाशियाचे टोक आहे, इटलीचे सर्वांत पूर्वेकडचे. हवा स्वच्छ असली की समुद्रापलीकडे अल्बेनियाचे डोंगर दिसतात. रस्त्याच्या एका अंगाला निळे पाणी, दुसऱ्या अंगाला उतारावर दगडी बांध. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड बसवलेला. ही कला २०१८ साली युनेस्कोच्या यादीत गेली. पिढ्यान्‌पिढ्या दगड वेचले, तेव्हा कुठे ओंजळभर माती पेरणीजोगी झाली. ते वेचणाऱ्यांची नावे कुठल्याच पाटीवर नाहीत.

गाल्लिपोलीत जमिनीखाली खोदलेले तेलाचे घाणे पाहिले. इथले ऑलिव्हचे तेल एके काळी परदेशातल्या शहरांचे दिवे जाळायला जहाजांनी जात असे. घाण्यावरचे मजूर हिवाळ्याचे महिने खेचरांसोबत त्याच तळघरात काढीत. उजेड लंडनला आणि अंधार मजुराला! आज गावाबाहेर ऑलिव्हची झाडे वाळून उभी आहेत. २०१३ साली याच परिसरात झायलेला नावाचा जिवाणू सापडला. रस शोषणारा किडा तो पसरवतो. लाखो झाडे गेली.

तिथून जवळच नार्दो. कलिंगडाच्या शेतात वाकलेली माणसे दिसली, बहुतेक आफ्रिकेतून आलेली. २०११ च्या उन्हाळ्यात इथल्या परदेशी मजुरांनी संप केला होता. मजूर पुरवणारा माणूस त्यांच्या मजुरीतून गाडीभाडे आणि खाण्याचे पैसे कापून घेई. त्याला तिकडे 'कापोराले' म्हणतात. आपल्याकडे मुकादम म्हणतात. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांना अधिक सांगायला नको. जादा काम त्याच मजुरीत करा, असा हुकूम झाला आणि मजुरांनी कामच बंद केले. त्यांच्या पुढाऱ्यांत कॅमेरूनचा इव्हान सान्ये हा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी होता. त्याच वर्षी ही मुकादमी इटलीत गुन्हा ठरली. २०१५ साली द्राक्षाच्या मळ्यात पाओला क्लेमेंते ही मजूर बाई कामावरच मरण पावली, आणि २०१६ च्या कायद्याने अशा मजुरांना राबवून घेणारा मालकही शिक्षेला पात्र झाला.

कायदा झाला, तरी मुकादमी संपली नाही. जून २०२४ मध्ये रोमच्या दक्षिणेला लातिना भागात सतनाम सिंग या आपल्या देशाच्या शेतमजुराचा हात यंत्रात तुटला. त्याला दवाखान्यात न नेता घराबाहेर टाकून दिले गेले. दोन दिवसांनी तो वारला.

समुद्र सुंदर आहे, जरूर पाहावा. पण गाडी आपल्या हाती असेल तर ती शेताच्या बांधाशीही थांबवावी. ताटातला टोमॅटो कुणी तोडला, हे तिथेच कळते.